दाजी, खेकड्याचं तेवढं सांगून जायचं होतं

दाजी, तुम्ही गेलात म्हणून मी रागावलेलो नाही. माणसं जातात. पण खंडेनवमी करून, इंजिनांच्या शेडमध्ये चार वाक्यं बोलून गेला असता तर कुठली गाडी चुकत होती तुमची? जन्मभर आम्हाला ऐकवलंत की, ड्रायव्हरनं हातातलं काम दुसऱ्याच्या गळ्यात टाकून उतरू नये. आणि स्वतः उतरताना नेमकं तेच केलंत. टाकलंत ते कुणाच्या गळ्यात? माझ्या. गिरणीच्या हपिसात बसून कापडाचे तागे मोजणाऱ्या, इंजिनाचं पुढचं कुठलं न मागचं कुठलं हेही धड न कळणाऱ्या मेव्हण्याच्या.

समाचाराला माणसं लई आली. शेडमधली आली, यार्डातली आली, स्टेशनाबाहेरचा चहावाला आला. जो तो ओसरीवर टेकायचा, उपरण्यानं डोळे पुसायचा आणि म्हणायचा, "खेकड्याला नाव देणारा माणूस गेला." आत चुलीपाशी आक्का बसलेली. दर खेपेला तिच्या बांगड्या नसलेल्या हाताची मूठ वळायची ती मला दारातून दिसायची. लोकांना वाटायचं, दुःख. दुःख होतंच, दाजी. पण मी तिचा भाऊ आहे. आमच्या घरातला राग मला लांबून ओळखता येतो.

आता हे वाचणाऱ्यांतल्या निम्म्यांनी खेकडा, म्हणजे ते इंजिन, पाहिलेला नसणार. निम्म्यांनी कसला, कुणीच नाही. विजेच्या तारा पुण्यापर्यंत आल्या आणि तिथंच दमल्या. तुमचं म्हणणं, पुढच्या दसऱ्याला दौंड, त्याच्या पुढच्याला कुर्डुवाडी, मग काय, सोलापूर. मी म्हणायचो, "दाजी, तारा म्हणजे काय भोपळ्याचा वेल आहे का, आपोआप पसरायला?" तुम्ही चिडायचात. "तुला काय कळतंय? साहेबानं नकाशा काढलाय." तो नकाशा कुठं गेला देव जाणे. आमच्याकडं अजून कोळशाचंच राज्य आहे. धुतलेलं धोतर दोरीवर घातलं की संध्याकाळी करडं होऊन घरात येतं. तारांचा वाद तेवढा अर्धाच राहिला. मी जिंकलो, असं आता म्हणता येईल. पण हरणाऱ्यानं समोर बसून तोंड वाकडं केल्याशिवाय जिंकण्यात काय मजा आहे?

तर खेकडा. घाट चढायला विलायतेहून मालगाडीची विजेची इंजिनं आली. तुम्ही सोलापूरच्या शेडातले कोळशाचे ड्रायव्हर. नवं इंजिन शिकायला ज्यांना उचललं, त्यांत तुमचा नंबर लागला आणि तुम्ही लोणावळ्याला गेलात. पहिल्या सुट्टीला आलात तेव्हा अंगावरचा कोट पांढऱ्याच्या जवळ जाणारा होता. आक्कानं तो उलटा करून, शिवण उसवून पाहिला, कोळसा कुठं लपवलाय म्हणून.

त्या सुट्टीत तुमचं एकच दुःख होतं. प्रवासी गाडीच्या विजेच्या इंजिनांपैकी काहींना कंपनीनं लाटसाहेबांची नावं दिली होती. पितळेच्या पाट्या, रोज घासायच्या, उन्हात बघवत नाहीत अशा चमकायच्या. आणि मालगाडीच्या इंजिनांना? बहुतेकांना नुसता आकडा. "लेकाचे ओझं आम्ही ओढायचं आणि बारसं त्यांचं करायचं!" असं तुम्ही जेवताना म्हणालात आणि भाकरीचा तुकडा ताटातच आपटलात. लोणावळ्याच्या ड्रायव्हर-फायरमन लोकांनी म्हणे ठरवलं होतं, आपल्या इंजिनाला आपणच नाव द्यायचं. तुम्ही सुचवलेलं नाव होतं 'ऐरावत'. त्यावर तुम्ही मला अर्धा तास भाषण दिलंत. इंद्राच्या हाती वीज असते, इंद्राचं वाहन ऐरावत, म्हणून विजेचं वाहन ऐरावत. मी मान डोलावली. मी कुणाच्याही भाषणाला मान डोलावतो. नोकरीनं लावलेली सवय आहे.

पुढच्या खेपेला तुम्ही आक्काला लोणावळ्याला बोलावून घेतलंत, आणि सोबतीला मला. हे मात्र मी विसरणार नाही. सोलापूरच्या शेडमधल्या कुठल्या बाप्यानं आपल्या बायकोला इंजिन दाखवायला नेलं होतं? बायकोनं डबा पाठवावा, इंजिनानं तो न्यावा, एवढाच दोहोंचा संबंध. तुम्ही तिला यार्डात नेलंत, रुळांवरून चालताना हात धरलात, आणि फायरमन लोक बघताहेत म्हणून लगेच सोडलात.

ते धूड समोर उभं होतं. मधे एक घर, आणि घराच्या दोन्ही बाजूंना सारखीच लांब, बुटकी नाकाडं. खाली चाकांना जोडणारे जाड दांडे. डोक्यावर तारेला टेकणारी चौकट. मग ते हललं. धूर नाही, वाफ नाही, शिट्टीआधीचा तो फुसकारा नाही. फक्त पोटातून कण्हल्यासारखा आवाज. वळणाला आधी पुढचं नाकाड वळलं, मग घर, मग मागचं नाकाड, आणि दांडे दोन्ही बाजूंनी वर-खाली, वर-खाली. सगळंच जरा डावीकडं, जरा उजवीकडं डुलत.

तुम्ही हात पसरून म्हणालात, "बघ! ऐरावत!"

आक्का भीमेकाठच्या गावात वाढलेली. नदी आटली की उरलेल्या डबक्यांतनं तिनं लहानपणी जे काय धरलंय ते सांगितलं तर ब्राह्मण शेजारी पाणी द्यायचे बंद होतील. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"ऐरावत कसला? खेकडा हाय की त्यो."

"काय?"

"बगा की. पुडं कुटलं, मागं कुटलं, काय कळतंय का? दोनी बाजूला नांग्या. पाय बाजूनं हलत्यात. आन् चालतंय बी तिरकं. खेकडाच."

"बाईमाणसाला इंजिनातलं काय कळतंय," असं तुम्ही म्हणालात. पण तुमच्याबरोबरचा फायरमन हसता हसता खाली बसला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणजे सगळ्यांना चुकीचं ठाऊक आहे. तुम्ही दिवाळीला आलात. ओसरीवर शेडमधली मंडळी जमली. तुम्ही सांगत होतात, सगळा घाट आता खेकडाच म्हणतो. सिग्नलवाला म्हणतो, गार्ड म्हणतो, गोरा फोरमनसुद्धा 'केकडा, केकडा' करतो. कुणीतरी विचारलं, "नाव ठेवलं कुणी?" तुम्ही सुपारी कातरत होतात. नुसती मान खाली घालून कातरत राहिला असता तरी चाललं असतं. पण तुम्ही म्हणालात, "मीच की."

आत अनारशांचं तूप तापलं होतं. आक्कानं अनारसा सोडला तो जरा लांबूनच सोडला असावा, कारण चुर्र आवाज ओसरीपर्यंत आला.

मंडळी गेल्यावर ती म्हणाली, "माजं नाव कुटं गेलं?"

"अगं, तुझं न माझं काय वेगळं आहे? नवराबायकोचं एकच की!"

दाजी, वकिलालाही सुचलं नसतं असं उत्तर. त्या उत्तराला टेकून तुम्ही इतकी वर्षं बसलात की, त्याला पाठीचा आकार आला असेल.

मला हे लटकंच भांडण वाटायचं. एक इंजिन, त्याचं एक टोपणनाव, त्यावरून एवढं काय? एकदा तिला बोललोही तसं. तेव्हा ती निवडायचे तांदूळ बाजूला ठेवून म्हणाली, "तुज्या पोरांची नावं कुणी ठेवली?"

"तू. आत्याचा मान."

"काय ठेवली?"

थोरलीचं नर्मदा, धाकट्याचं मल्हारी. आता थोरलीला सगळं घर बेबी म्हणतं आणि धाकटा शाळेत मोहन आहे. माझ्या बायकोला ती नावं जुनाट वाटली आणि मी मान डोलावली. (सवय. मघाशी सांगितली.)

"माज्या घरात पाळणा हलला न्हाय," आक्का म्हणाली. "दुसऱ्याच्या पाळण्यात ठेवलेली नावं दुसऱ्यांनी पुसली. जन्मात मी ठेवलेलं एकच नाव टिकलंय. घाटातला हरएक माणूस ते घेतोय. आन् ते बी माजं न्हाय म्हण."

पुन्हा तिला त्यावरून चिडवलं नाही. तुमच्याच मागं लागलो. आठवतं ना? कधी गोडीनं, कधी टोमणे मारून. तुम्ही म्हणायचात, "अरे, आता सांगितलं तर शेडमधली पोरं म्हणतील, बायकोच्या शब्दावर इतकी वर्षं फुकट चहा प्यायला!" प्यायलातच की, दाजी. डोळे सिग्नलच्या परीक्षेत नापास झाले, घाट सुटला, सोलापूरच्या शेडात हलकं काम मिळालं. तेव्हा तुमच्याकडं उरलं काय होतं? तो खेकडाच. ज्यानं तो कधी पाहिला नाही त्या गावात तुम्ही एकटे तो पाहिलेले, चालवलेले आणि नाव ठेवलेले. तुम्हाला 'खेकडेराव' म्हणायचे आणि तुम्ही वळून बघायचात. ते काढून घेतलं असतं तर तुम्ही शेडच्या कोपऱ्यात दिव्याच्या वाती कापणारे एक म्हातारे झाला असता. हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच माझा आवाज एका मर्यादेपलीकडं चढला नाही. त्याचा तुम्ही पुरेपूर फायदा घेतलात.

आक्कानं मात्र एक जागा शोधली होती. शेजारी हळदीकुंकू असलं आणि बायकांनी "नाव घ्या, नाव घ्या" म्हणून घेरलं की ती ठरलेला उखाणा घ्यायची:

घाट चढतो खेकडा, चाकं करती करकर,
नाव ठेवलं मी, अन् गणपतराव मिरवती गावभर!

बायका पोट धरून हसायच्या. आळीतल्या पोरीबाळींना तो पाठ झाला. मी एकदा शिवप्पा मिस्त्रीला, म्हणजे तुमच्या शेडातल्या त्या फिटरला, म्हटलं, "बघा, खुद्द तीच सांगते आहे." तर तो म्हणाला, "उखाण्यात कुणी खरं बोलतंय व्हय? माजी बायको मला सोन्याच्या ताटात जेवाय वाढती उखाण्यात."

खरं जगजाहीर सांगायला तिला एकच दार होतं आणि त्या दारात कुणी साक्ष धरत नव्हतं. आता तेही दार मिटलं. आता तिला हळदीकुंकवाला कोण बोलावणार? नाव घ्या म्हणून कोण गळ घालणार? तुम्ही गेलात, दाजी, आणि जाताना तिचा उखाणाही घेऊन गेलात. याचा राग मला सगळ्यात जास्त आहे. कपाळ, बांगड्या, ते सगळं रिवाजानं जातं, त्यावर कुणाचा इलाज नाही. पण हे एक तुमच्या हातात होतं.

आणि तुम्ही कबूल केलं होतंत! म्हणून तर जीव तळमळतो. घाटात दरड कोसळून तुमच्या त्या जुन्या इंजिनाचं नाकाड चेपल्याचं कळलं, कारखान्यात पडलंय, त्याचे भाग काढून दुसऱ्यांना लावताहेत म्हणून कुणीतरी सांगितलं, तेव्हा तुम्ही सुतक आल्यासारखी दाढी करायची सोडलीत. आक्काच म्हणाली, "खेकड्याची नांगी तुटली तर परत फुटती. ह्याला बी फुटंल. दाढी करा." आणि खरंच बातमी आली, नीट झालं, पण आता पुढं न लावता घाटात गाडीला मागून ढकलायला ठेवलंय. तुम्हाला तो अपमान वाटला. "मागून ढकलायला! हमालासारखं!" आक्का म्हणाली, "मागून ढकलणारं नसलं तर गाडी चढंल व्हय?" तुम्ही तिच्याकडं बघत राहिलात. मग मला म्हणालात, "या खंडेनवमीला पूजेनंतर सगळ्यांसमोर सांगून टाकतो. नाव हिचं." मी साक्षीला होतो. त्या दिवशी आक्कानं आमटीत दोनदा फोडणी घातली.

मग श्रावणात तुमची छाती भरली आणि भादव्यात तुम्ही गेलात.

आता दसरा तोंडावर आलाय. शेडातली इंजिनं धुऊन, झेंडूच्या माळा घालून पूजा व्हायची आहे, आणि तिथं तुमची तसबीर लावायची ठरली आहे. तसबिरीला फोटो लागतो, आणि तुमचा फोटो आहे एकच: विजेच्या इंजिनाची परीक्षा पास झाल्यावर काढलेला, कंपनीची टोपी घालून, श्वास कोंडून बसलेला. तो आक्काच्या ट्रंकेत. शिवप्पा मिस्त्री दोघातिघांना घेऊन मागायला आला. काचेखाली रंगवून घ्यायची ओळ त्यानं आम्हाला म्हणूनही दाखवली: 'खेकडा इंजिनास नाव देणारे कै. गणपतराव'.

आक्का आतल्या दाराशी आली. "फोटो देते. वळ बदला."

"काय बदलू, वैनी?"

"नाव ह्यांच्या बायकोनं ठेवलं, आसं लिवा."

शिवप्पा कळवळून म्हणाला, "वैनी, दुक्कात माणसाला कायबाय वाटतंय. तुमी पडा जरा."

"मला काय झालं न्हाई. हा माजा भाऊ हुता तितं. इचारा."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी उभा राहिलो. सांगितलं: लोणावळ्याचं यार्ड, दुपारची वेळ, ती काय म्हणाली, तुम्ही काय म्हणालात, फायरमन कसा खाली बसला. शब्दाला शब्द खरं. दाजी, आयुष्यात पहिल्यांदा मी गोष्टीला एक टाका जास्त घातला नाही.

आणि ते हसायला लागले! "नाना, तुमचं काय!" शिवप्पा म्हणाला. "तुमी मागं मारलेला साप परत सांगताना हातभर वाढला हुता. आमी काय नवं हाय व्हय तुमाला?"

मी खानदानाचा गोष्टीवेल्हाळ. लग्नात, बारशात, रात्रीच्या जेवणावर मी रंगवून सांगायचं आणि लोकांनी हसायचं, असा माझा लौकिक. तो मी कष्टानं कमावला. आणि एकदा, एकदाच, खरं सांगायची वेळ आली तर तोच लौकिक आडवा आला. तुम्ही माझी प्रत्येक थाप शेवटपर्यंत ऐकायचात, "मग पुढं?" म्हणायचात, ही तुमची माया मी मानतो. गावात तसं ऐकणारा दुसरा मिळणार नाही. पण दाजी, एकदा तरी माझा कान धरायला हवा होतात. तुमचा शब्द शेडात चालत होता, आमच्या दोघांचा नाही. म्हणून तुम्ही बोलायला हवं होतं.

शिवप्पा निघताना जरा घुश्शात बोलला, "बाईचं नाव शेडमदी? वैनी, इंजिनाची पूजा हाय ती, हळदीकुंकू न्हवं."

"इंजिनाला हळदीकुंकूच लावतासा की," आक्का म्हणाली. "मग?"

चहा न घेता गेले. काल परत आले. चहा घेतला, फोटो मिळाला नाही. शिवप्पाची भाषा मऊ झाली होती. 'खाली नुसतं नाव घालू, खेकड्याचं काढून टाकू' म्हणत होता. आक्का म्हणाली, काढायचं न्हाई, पुरं लिवायचं. मी तिला बाजूला घेऊन समजावलं, दसरा निघून जाईल, तसबिरीशिवाय पूजा होईल, दाजींचा मान राहील का? ती वळून परत दाराशी गेली. शिवप्पाला म्हणाली, "सावकाश इचार करा."

हे लिहितोय तेवढ्यात निरोप आलाय, उद्या फोरमनसाहेबाला घेऊन येणार आहेत. मी घाबरलो. गोऱ्या साहेबासमोर मला खरंही धड बोलता येत नाही. आक्काला म्हटलं, "देऊन टाक बाई. साहेब येतोय."

तिनं फोटो ट्रंकेतून काढून फडताळात, जिथून स्वयंपाक करताना समोर दिसेल असा, उभा केला. पदरानं तुमच्या टोपीवरची धूळ पुसली.

"येऊ दे की साहेब," ती म्हणाली. "ह्यांना तरी आता कुटं ड्युटीवर जायचंय?"